आरोग्यसेवा : उंबरठ्याच्या अलीकडे आणि पलीकडे

(सेवाकार्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



'आरोग्यसेवेची न्याय्य उपलब्धता : समाजशास्त्रीय दृष्टिकोन' असा भारदस्त विषय संयोजकांनी मला दिला आहे. मी वैद्य नाही, डॉक्टरही नाही. समाजशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेलेला माणूस आहे. कोणत्या रोगावर कोणते औषध द्यावे, हे मला विचारू नये. औषध असते, डॉक्टर असतो, कधी कधी पैसेही असतात आणि तरीही माणूस उपचारावाचून मरतो. तो का मरतो, एवढाच प्रश्न माझ्या शास्त्राच्या कक्षेत येतो.

या प्रश्नाला हात घालताना मला नेहमी एक जुने पत्र आठवते. काठेवाडातील एका खेड्यात शिकविणाऱ्या अस्पृश्य शिक्षकाने लिहिलेले हे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'मध्ये प्रसिद्ध झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत ते समाविष्ट केले. या शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. जुलाब सुरू झाले, छातीत दाह होऊ लागला, श्वास घेणे जड झाले. शिक्षक डॉक्टरकडे गेला. हरिजनांच्या वस्तीत मी येणार नाही, असे डॉक्टरने सांगितले. मग गावातील नगरशेठ आणि दरबार यांनी मध्यस्थी केली. दोन रुपये फीची हमी नगरशेठांनी घेतली. डॉक्टर आला, पण वस्तीच्या बाहेर उभा राहिला. शिक्षकाने ओल्या बाळंतिणीला तान्ह्या मुलासह वस्तीबाहेर आणले. डॉक्टरने तापमापक एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो शिक्षकाला दिला, शिक्षकाने पत्नीला लावला आणि त्याच मार्गाने तो परत गेला. रात्रीचे आठ वाजले होते. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्युमोनिया असल्याचे सांगितले. औषध पाठविले, पण पुन्हा येऊन तपासण्यास नकार दिला. ती माउली गेली.

मित्रहो, हे पत्र वाचून आपला संताप होतो आणि तो योग्यच आहे. पण संताप ओसरल्यावर थोडा हिशेब करून पाहा. डॉक्टर गावात होता. फी भरली गेली होती. औषधही मिळाले. आज एखादा अधिकारी त्या गावाचा अहवाल लिहील तर 'वैद्यकीय सेवा उपलब्ध' अशा रकान्यात खूण करील आणि त्याची खूण कागदावर खोटी ठरणार नाही. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात फार तर दोन हातांचे अंतर होते. ते दोन हात ओलांडायला मात्र तिसऱ्या माणसाचे हात लागले आणि ते पुरले नाहीत.

उपलब्धता आणि पोहोच

समाजशास्त्र या विषयात जी भर घालते, ती नेमकी येथे. सेवा उपलब्ध असणे ही एक गोष्ट. ती रुग्णापर्यंत पोहोचणे ही दुसरी. आपण शासकीय आकडेवारीत उपलब्धता मोजतो : इतकी प्राथमिक आरोग्य केंद्रे, इतक्या खाटा, इतकी कार्डे. पोहोच मोजायची तर रुग्णाच्या बाजूने चालत यावे लागते. त्याच्या घरापासून निघायचे, आणि वाटेत त्याला कोण कोण अडविते ते पाहायचे. वाटेत नदी असते, एसटीचे वेळापत्रक असते, बुडणारी मजुरी असते. सासू असते. केसपेपरच्या खिडकीपलीकडचा आवाज असतो. आपली बोली कोणाला कळणार नाही ही धास्ती असते. यातल्या फारच थोड्या गोष्टी वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात सापडतात.

हे आजच सुचलेले शहाणपण नव्हे. १८४८ साली प्रशियाच्या सरकारने रुडॉल्फ विर्चो या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरला अप्पर सायलेशिया प्रांतात पाठविले. तेथे टायफसची साथ आली होती. विर्चोने परत येऊन जो अहवाल दिला, त्यात औषधांची यादी शोधणाऱ्यांची निराशाच होते. त्याने मागितले ते शिक्षण, रस्ते, करांची न्याय्य रचना आणि तेथील पोलिश भाषिकांना त्यांच्या भाषेत कारभार. पेशीविषयक रोगशास्त्राचा जनक म्हणून ज्याची कीर्ती झाली, त्याने साथीचे मूळ समाजाच्या रचनेत दाखविले. सरकारला तो अहवाल रुचला नाही, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे नाव आहे ज्युलियन ट्यूडर हार्ट यांचे. वेल्समधील खाणकामगारांच्या एका खेड्यात त्यांनी उभी हयात दवाखाना चालविला. १९७१ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी एक नियम मांडला : जेथे चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक, तेथे ती सर्वांत कमी सापडते, आणि सेवा जितकी बाजाराच्या हाती, तितका हा नियम कडक. लक्षात घ्या, हे ज्या देशात लिहिले गेले तेथे १९४८ पासून सर्वांना मोफत उपचार होते. पैसा हा एकच अडसर असता तर ब्रिटनमध्ये हा नियम लागूच पडायला नको होता.

आपल्याकडे हा नियम किती कडक आहे, ते एका आकड्यावरून कळते. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१८-२० च्या अहवालानुसार एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण देशात ९७ होते. महाराष्ट्रात ३३, केरळात १९ आणि आसामात १९५. एकाच राष्ट्रात बाळंतिणीच्या वाट्याला येणारा धोका दहा पटींनी बदलतो. एकात्मतेच्या गोष्टी करणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी हा आकडा बोचला पाहिजे.

न बोललेले दुखणे

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरातील ९२ स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. आणि यापूर्वी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया किती? शंभरात ८. बाकीच्यांनी काय केले असेल? सहन केले. अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, हे बाईच्या जन्माचेच भोग आहेत अशी समजूत करून घेतली.

येथे थोडे थांबू या, कारण हा भाग आपल्या प्रत्येकाच्या घरातला आहे. आजार 'आजार' ठरण्यासाठी कोणी तरी तो तसा मानावा लागतो. घरातील कर्त्या पुरुषाला ताप आला की दोन तासांत दवाखाना होतो. सुनेला ताप आला की 'काढा घे, उद्या बरे वाटेल.' आपण सुशिक्षित आहोत, आपल्याकडे असे होत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी घरी गेल्यावर आईच्या गुडघ्यांची शेवटची तपासणी कधी झाली ते आठवून पाहावे. जी सर्वांत शेवटी जेवते, तीच सर्वांत शेवटी आजारी पडते. दवाखाना शेजारच्या गल्लीत असला तरी त्या स्त्रीसाठी तो दूर असतो. तिला तेथे नेणारी वाट स्वयंपाकघरातून निघते आणि बहुधा तेथेच संपते.

याच गडचिरोलीतील दुसरी गोष्ट. आदिवासींसाठी रुग्णालय बांधायचे ठरले तेव्हा बंग दांपत्याने त्यांनाच विचारले की तुम्ही आमच्याकडे का येत नाही? उत्तरे अशी आली की कोणत्याही आराखड्यात ती सापडली नसती. मोठ्या इमारतीत आम्ही हरवून जातो. तुमचे डॉक्टर आणि परिचारिका पांढरे कपडे घालतात, आमच्यात ते मेलेल्या माणसाला घालतात. नातेवाइकांना तुम्ही बाहेर काढता. आणि तुमच्या दवाखान्यात देव कोठे आहे? मग शोधग्राममध्ये रुग्णालय उभे राहिले ते गोंड गावाच्या धर्तीवर, झोपड्यांच्या रूपात. त्याला नाव मिळाले आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचे. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहण्याची सोय झाली. वैद्यकशास्त्र तेच, शस्त्रक्रियाही त्याच. दाराचे रूप बदलले आणि लोक आत येऊ लागले. आपल्या संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. 'त्यांना आधुनिक वैद्यकाचे महत्त्व कळत नाही' हे वाक्य आपण फार सहज वापरतो. त्यांना मृत्यूचा रंग कळत होता. आपल्याला तो कळत नव्हता.

नवजात बालकांच्या बाबतीत तर या मंडळींनी दवाखान्यालाच उठवून घरी नेले. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रिया निवडल्या. बाळाचे वजन कसे करावे, त्याला ऊब कशी द्यावी, जंतुदोष कसा ओळखावा, वेळ पडली तर इंजेक्शन कसे द्यावे, हे त्यांना शिकविले. ३९ गावांत झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्या काळी बालरोगतज्ज्ञाखेरीज कोणी बाळाला सुई टोचणे म्हणजे पाखंड मानले जाई. २०११ पासून हीच पद्धत देशाच्या कार्यक्रमात आली. आज आशा कार्यकर्ती बाळाच्या जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते, त्याचे मूळ त्या गावांत आहे.

त्याआधी, १९७० मध्ये, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी हाच मार्ग धरला होता. त्यांच्या ग्रामआरोग्य सेविकांत निरक्षर स्त्रिया होत्या आणि दलित स्त्रियाही होत्या. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले होते, त्यांच्या हातून गावाने औषध घ्यायला सुरुवात केली. काठेवाडातल्या त्या तापमापकाचा प्रवास येथे उलट दिशेने झाला, असे मला नेहमी वाटते.

तो प्रवास सगळीकडे असाच उलटला आहे काय? घनश्याम शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ग्रामीण भारतातील अस्पृश्यतेवरचा ग्रंथ २००६ साली आला. ११ राज्यांतील ५६५ गावांची पाहणी त्यांनी केली. जवळजवळ एकतृतीयांश गावांत शासकीय आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जाण्याचे टाळतात, असे त्यांना आढळले. ही पाहणी स्वातंत्र्यानंतर अर्धशतक उलटल्यावरची आहे. समरसता हा आपल्या बौद्धिकांचा विषय आहे. लसीकरणाच्या दिवशी परिचारिका कोणत्या आळीत सर्वांत शेवटी जाते आणि ओट्यावर बसते की उभ्यानेच परतते, हे पाहणे हाही समरसतेचाच विषय होय.

आणि विश्वासाचे काय? १८९७ सालच्या पुण्यातील प्लेग आपल्याला ठाऊक आहे तो रँडमुळे. त्या वेळी सरकार दारापर्यंत आले होते, नव्हे, गोऱ्या सोजिरांच्या बुटांनिशी दारातून आत घुसले होते. आरोग्यसेवा म्हणून पाहिले तर तपासणी, विलगीकरण, निर्जंतुकीकरण हे सारे त्या काळच्या शास्त्राला धरूनच होते. लोकांनी रोगी माळ्यावर लपविले. त्याच पुण्यात लोकमान्यांनी हिंदू प्लेग रुग्णालय उभारले, आणि हडपसरजवळ सावित्रीबाई फुले व त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी दवाखाना चालविला. तेथे लोक आले. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्या दवाखान्यात आल्या, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग तोच होता. फरक कोणाच्या हातांनी उचलले, यात होता.

पैसा, आणि पैशापलीकडचे

पैशाविषयी बोललो नाही तर आपण म्हणाल की प्राध्यापक हवेत बोलतात. १९४६ सालच्या भोर समितीने सांगून ठेवले आहे की पैसे देता येत नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहता कामा नये. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोक स्वतःच्या खिशातून करीत. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. ही घट मोठी आहे आणि तिचे श्रेय द्यायला हवे. शासनाचा आरोग्यावरील खर्च मात्र त्या वर्षी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत योजना सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले. २०२४ मध्ये सत्तर वर्षांवरील सर्वांना ती खुली झाली. आपल्या राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा फुले यांच्या नावाने चालते. या योजनांनी अनेकांचे शेत आणि मंगळसूत्र वाचविले. पण कार्ड चालते ते रुग्णालयात भरती झाल्यावर. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, बाह्यरुग्ण विभागातली फेरी यांचा भार माणसावरच राहतो. गरिबाच्या खिशाला लागलेले मोठे भोक कार्डाने शिवले, पण रोज ठिबकणारे छोटे भोक तसेच आहे. जनऔषधी केंद्रे त्यासाठीच आहेत. तेथील गोळी स्वस्त आहे म्हणून ती कमी प्रतीची, असा समज आपल्याच घरांतून पसरतो, हेही येथे सांगून ठेवतो.

आणि विषमतेचे दुसरे टोक विसरू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खाजगी रुग्णालयांतील बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के शस्त्रक्रियेने झाली, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. गुंतागुंतीच्या काही बाळंतिणी खाजगीत येतात हे मान्य केले तरी एवढी तफावत केवळ वैद्यकीय कारणांनी होत नाही. एकीच्या वाट्याला हवी तेव्हा सुरी येत नाही, दुसरीच्या वाट्याला नको तेव्हा येते. ही दुसरी स्त्री आपल्या घरातील असण्याचा संभव अधिक.

मध्यमवर्गाविषयी एक कटू गोष्ट बोलतो, रागावू नये. आपल्या आधीच्या पिढ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत जन्मल्या. लेखनिक आणि शिपाई एकाच रांगेत उभे राहत. त्या रांगेत उभ्या असलेल्या लेखनिकाला वर्तमानपत्रात पत्र लिहिता येत होते, नगरसेवकाला गाठता येत होते, आणि पंखा बंद असेल तर तो चालू होत होता. पुढे आपल्याकडे पैसा आला, विमा आला, आणि आपण ती रांग सोडली. रांगेबरोबर आपला आवाजही निघून गेला. मागे उरले ते ज्यांना तक्रार करता येत नाही असे लोक. सरकारी रुग्णालये बिघडली म्हणून आपण ती सोडली, असे आपण म्हणतो. आपण सोडली म्हणूनही ती बिघडली, हे विधान तितकेच खरे आहे. २०२० आणि २०२१ मध्ये, जेव्हा पैसे असूनही खाट मिळेना, तेव्हा याच रुग्णालयांच्या दारात आपण उभे होतो. त्या दिवसांनंतर आपल्यापैकी कितीजणांनी आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पुन्हा पाऊल ठेवले?

शिबिर संपल्यानंतर

शेवटचा भाग आपल्या कामाविषयी. आपण आरोग्य शिबिरे घेतो. फलक लागतो, दीपप्रज्वलन होते, सेवावस्तीतील तीनशे लोकांची तपासणी होते, छायाचित्रे निघतात आणि वृत्त छापून येते. मी शिबिरांच्या विरोधात नाही. माझा प्रश्न साधा आहे. त्या तीनशेंपैकी एका बाईचा रक्तदाब १७० निघाला. तिला दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. अकराव्या दिवशी काय झाले? याचे उत्तर ज्या कार्यकर्त्याकडे आहे त्याने शिबिर घेतले असे मी म्हणेन. बाकीच्यांनी जत्रा भरविली. उच्च रक्तदाब हा आयुष्यभराचा सोबती, त्याच्यावर एका रविवारची उतारा पडत नाही.

पुष्कळदा त्या बाईला डॉक्टरपेक्षा सोबत हवी असते. जिल्हा रुग्णालयात पहिल्यांदा आलेला माणूस पाहा. खिडकी कोणती, रक्त कोठे द्यायचे, अहवाल किती वाजता मिळतो, कोणाला काही ठाऊक नसते. अर्धा दिवस असाच जातो आणि दुपारी बाह्यरुग्ण विभाग बंद होतो. मजुरी बुडाली ती बुडालीच. दुसऱ्या वेळी तो येत नाही. नंदुरबारचा पावरा बोलणारा किंवा मेळघाटचा कोरकू बोलणारा असेल तर मराठीतला प्रश्नही त्याला परका असतो, आणि त्याच्या मौनाला आपण अडाणीपणा म्हणतो. तेथे त्याच्याबरोबर उभा राहणारा, त्याची बोली जाणणारा आणि केसपेपर जपून ठेवणारा माणूस हेच खरे रुग्णसेवक. मोठ्या सरकारी रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक नेमलेले असतात, त्यांचीही ओळख करून घ्या. त्यांच्यावर कामाचा बोजा इतका असतो की तुमचे त्यांना ओझे वाटणार नाही.

येथे एक सावधगिरी. सेवेच्या उत्साहात आपण शासनाला जबाबदारीतून मोकळे करू नये. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि आशा कार्यकर्ती गावोगाव आल्या. २००५-०६ मध्ये देशात ३८.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ पर्यंत हे प्रमाण ८८.६ टक्के झाले, त्यात या भगिनींचा वाटा मोठा आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा सन्मान केला. कागदोपत्री मात्र त्या 'स्वयंसेविका' आहेत. वेतन नाही, मोबदला आहे. 'स्वयंसेवा' हा आपला फार आवडता शब्द. पण पोट हातावर असलेल्या बाईला स्वयंसेविका म्हणून कमी पैशांत राबविणे याला सेवा म्हणता येत नाही. आपल्याला नोकरी किंवा निवृत्तिवेतन आहे म्हणून आपली स्वयंसेवा शोभते.

आणि अगदी हाताशी असलेली एक गोष्ट. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना २००६ पासून लागू आहे. या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या आहेत. त्यासाठी एकूण देयकांच्या दोन टक्के रकमेचा स्वतंत्र निधी ठेवायचा आहे. निर्धन रुग्णाकडून अनामत रक्कम मागायची नाही. तातडीच्या वेळी आधी दाखल करून घ्यायचे, कागदपत्रे मागाहून. शहरातील अनेक नामांकित, चकचकीत रुग्णालये या यादीत आहेत. सवलतीची जमीन आणि करमाफी घेतली, त्या बदल्यात ही अट आली. हा उपकार नाही.

आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंना हे ठाऊक आहे काय? आपल्याला तरी ठाऊक होते काय? मागच्या महिन्यात एका वर्गात मी हा प्रश्न विचारला तेव्हा चाळीसपैकी तीन हात वर झाले. त्यातील एक औषधविक्रेता होता. बाई आजारी पडल्या की आपण पाचशे रुपये उचल देतो आणि समाधान पावतो. पाचशे रुपये द्यावेत, अवश्य द्यावेत. पण त्यांच्याबरोबर तहसील कचेरीत जाऊन उत्पन्नाचा दाखला काढून दिला, शिधापत्रिकेवर त्यांच्या सुनेचे नाव घातले, तर त्या दाखल्याची किंमत ऐन वेळी लाखाच्या घरात जाते. दाखला आजारपण आल्यावर काढायला निघू नये. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेला माणूस तहसीलदाराच्या सहीसाठी धावू शकत नाही.

दुपारच्या सत्रात जिल्हावार गट बसणार आहेत. प्रत्येक गटाने धर्मादाय आयुक्त कार्यालयातून आपल्या जिल्ह्यातील धर्मादाय रुग्णालयांची यादी मिळवायची, तेथे राखीव खाटांची माहिती देणाऱ्या माणसाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यायचा, आणि आपल्या सेवावस्तीतील किती कुटुंबांकडे चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आहे ते घरोघर जाऊन विचारायचे, हे काम गटप्रमुखांनी वाटून घ्यावे. वह्या बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत.